शेंदूरवाडीचा लाल कोबा

सभापती शेंदूरवाडीच्या नव्या समाजमंदिरात पाऊल टाकतील आणि खाली वाकून बघतील, तर त्यांना स्वतःचं तोंड दिसेल! नाही दिसलं तर सहादेव सरपंच नाव लावणार नाही! हे त्यानं घोडेगावच्या बाजारात, बैलांच्या दावणीपाशी उभं राहून सांगितलं. त्यामुळे दिवस मावळायच्या आत निम्म्या तालुक्याला कळलं.

बढाई तशी अगदीच पोकळ नव्हती. आजवर गावाची बैठक मारुतीच्या पारावर भरायची, आणि पारावर वर कोणी बसायचं आणि खाली कोणी उभं राहायचं हे पणजोबांच्या वेळेपासून ठरलेलं. समाजमंदिराला वर-खाली असं काही नव्हतंच. एक लांबरुंद खोली आणि सगळ्यांना सारखी जमीन. बौद्ध वस्तीतल्या श्रीमंत नावाच्या मास्तरांनी तर पहिल्या दिवशीच मधोमध बैठक मारून बघितली होती. आणि जमीन तरी कसली! केडगावचा रंभाजी गवंडी आठ दिवस गुडघ्यांवर बसून लाल कोबा घोटत होता. वर मेण लावल्यावर कोबा असा चकाकला की सरपंचानं त्यात बघून मिशीला पीळ दिला.

उंबरा मात्र सरपंचानं हट्टानं वीतभर उंच करून घेतला. पावसाचं पाणी आत येता कामा नये म्हणे! रंभाजीनं एकदा आभाळाकडे बघितलं. दोन वर्षं धड पाऊस नव्हता, बाहत्तर सालानं तर माणसांना घागरी घेऊन रानोमाळ फिरवलं होतं. पण कामाचा मालक सरपंच, म्हणून रंभाजीनं मुकाट्यानं उंबरा बांधला.

खरी गोम पुढेच होती. सरकारी विहीर एकच मंजूर व्हायची होती आणि मागणारी गावं दोन, शेंदूरवाडी आणि अर्ध्या कोसावरची टाकळवाडी. निकाल पंचायत समितीच्या सभापतींच्या हातात. सरपंचाचा बेत असा की सभापती कोब्यावर खूश झाले की त्याच घटकेला अर्ज पुढे करायचा. अर्ज मास्तरांनी लिहून ठेवला होता. त्यात ‘गावात पिण्यास थेंबभर पाणी नाही’ हे वाक्य असं उतरलं होतं की वाचणाऱ्याच्या घशाला कोरड पडावी. वर सरपंचानं टाकळवाडीच्या उत्तमराव सरपंचांनाही मुद्दाम आमंत्रण धाडलं. आपली विहीर मंजूर होताना ते समोर नसतील तर मजा काय?

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सरपंच हार आणि वाजंत्री आणायला घोडेगावला निघाला. जाताना बायकोला, राहीबाईला, बजावून गेला, की उद्या घरचं लग्न आहे असं समज आणि हॉल लख्ख करून ठेव. वाजंत्रीवाल्यांशी घासाघीस करता करता शेवटची एसटी हुकली आणि मुक्काम तिथंच पडला.

सकाळी नऊला वाजंत्री घेऊन तो समाजमंदिराच्या दारात आला आणि त्याच्या हातातले हार गळून पडले.

लाल कोबा गायब झाला होता! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हिरवंगार, ओलं, ताजं शेण. त्यावर हाताची सुबक अर्धगोल वळणं आणि कडेनं पांढऱ्या रांगोळीची वेलबुट्टी. बारा घरच्या बायकांनी पहाटेपासून खपून जमीन सारवली होती. दुष्काळात गुरांच्या पोटात चारा नाही तर शेण कुठलं? तरी प्रत्येकीनं आपल्या घरचं पाटी पाटी आणलं होतं. बिनसारवलेल्या जमिनीवर पाहुणा बसवायचा म्हणजे गावाची अब्रूच की! राहीबाई कोपरापर्यंत हिरवे हात घेऊन कौतुकाच्या अपेक्षेनं उभी होती.

“अगं, हे काय केलं?” सरपंचानं विचारलं.

“लग्नघर म्हनला नव्हं तुमी?” राहीबाई म्हणाली. “मग सारवलं.”

आता तिच्यावर ओरडायचं तरी कसं? सभापती अकराला यायचे होते. सरपंचानं धोतर खोचलं आणि फर्मान सोडलं, की हौदातलं पाणी आणा आणि कोबा धुऊन काढा. हौद आदल्या दिवशीच टँकरनं भरला होता. गावाला ते चार दिवस पुरवायचं होतं.

“अवो, प्यायचं पानी हाय ते,” राहीबाई म्हणाली.

“विहीर मिळाली की जल्मभर पी! आता वता!”

मग काय विचारता! हौदापासून हॉलपर्यंत माणसांची रांग लागली, बादल्या, घागरी, हंडे, जे हाती लागेल ते. वाजंत्रीवाल्यांनी सनई बाजूला ठेवून खराटे धरले. मेणावर पाणी आणि पाण्यात शेण, त्यामुळे उभं राहिलेलं माणूस दोन पावलांत बसलेलं दिसायचं. मास्तर तर या भिंतीपाशी घसरले ते त्या भिंतीलाच थांबले. खिशातला अर्ज मात्र त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता. हौद तळाला गेला, तरी हॉलमधलं पाणी काही हटेना. ते आत तुंबूनच राहिलं होतं.

“रंभाजी, पाणी भाईर का जाईना?” सरपंच कळवळून म्हणाला.

रंभाजी उंबऱ्यावर शांतपणे बसला होता. “पानी आत येऊ नये म्हनला हुता. भाईर जायाचं बोलला न्हवता.”

उंबरा फोडायला पहार आणा म्हणेपर्यंत जीपचा आवाज आला. सभापती अर्धा तास आधीच हजर! मागं मोटरसायकलवर उत्तमराव. सनईवाल्यानं शेणाच्या हातानं सनई उचलली, सभापतींनी हसत हसत फीत कापली, उंबरा ओलांडला आणि नव्याकोऱ्या बुटासह घोट्यापर्यंत आत गेले.

सभापतींनी खाली बघितलं. खिडकीतून ऊन पडलं होतं, पाणी संथ झालं होतं आणि त्या हिरव्या पाण्यात त्यांची टोपी, चष्मा, मिशी सगळं जसंच्या तसं तरंगत होतं. सरपंचाला राहवलं नाही.

“साहेब, दिसतंय नव्हं तोंड?”

“दिसतंय की,” सभापती म्हणाले. “पण सरपंच, एवढं पाणी आलं कुठून?”

नेमक्या त्याच घटकेला मास्तरांनी ठरल्याप्रमाणे अर्ज पुढे केला. सभापतींनी उभ्याउभ्या ‘थेंबभर पाणी नाही’ पर्यंत वाचलं, एकदा आपल्या बुटांकडे बघितलं आणि कागद घडी घालून मास्तरांच्या हातात परत दिला. उत्तमरावांनी फक्त आपल्या कोटाच्या खिशातून आपला अर्ज काढला.

विहीर टाकळवाडीला झाली. पाणी चांगलं लागलं आणि गोडही लागलं. उत्तमरावांनी मन मोठं करून शेंदूरवाडीला पाणी भरायची मुभा दिली. राहीबाईनं त्याच दिवशी दोन घागरी नवऱ्यापुढे ठेवल्या.

तेव्हापासून सहादेव सरपंच रोज सकाळी अर्धा कोस चालत जातो. काठावर उत्तमराव दातण करत बसलेले असतात. सरपंचानं पोहरा सोडला की ते मोठ्या मायेनं म्हणतात, “सरपंच, जरा वाकून बघा. तोंड दिसतंय का?”