कॉम्प्युटर हलवताना

"अगं, चष्मा दे. तो नको, जाड काचांचा दे. आज मला या मास्तराची चूक काढायचीच आहे!" कॉम्प्युटरपुढे खुर्ची ओढत नाना म्हणाले.

मास्तर म्हणजे नातीच्या मोबाइलमधलं संभाव्यता शिकवणारं अ‍ॅप. नानांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, आणि त्यात संभाव्यता म्हणजे त्यांचा जीव की प्राण. नातीच्या अभ्यासक्रमात तो धडा आला तेव्हा नाना बाह्या सरसावून बसले, तर ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही कशाला त्रास घेता? अ‍ॅप आहे ना!" हे नानांच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून ते जेवतानासुद्धा कुणाशी धड बोलेनात. शेवटी पैज लागली. नानांनी अ‍ॅपची एक जरी चूक दाखवली तर नात रोज संध्याकाळी त्यांच्यापाशी शिकायला बसणार, नाही दाखवली तर नानांनी तिच्या अभ्यासात नाक खुपसायचं नाही. मुदत आज ती शाळेतून येईपर्यंत.

मोबाइलवरची अक्षरं नानांना मुंगीएवढी दिसायची. म्हणून मुलाने जुन्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी करामत करून ठेवली होती. पडद्यावर मोबाइलचं चित्र यायचं आणि त्या चित्रात अ‍ॅप चालायचं. "कडेला सगळ्या खुणा आहेत, बघून घ्या," एवढं बुटाची नाडी बांधता बांधता सांगून तो कामावर पळाला होता.

"काय ते जुने दिवस!" अ‍ॅप उघडेपर्यंत नाना उसासा टाकून म्हणाले. "एक पायमोजा आणि मूठभर बटणं, एवढ्यावर वर्गच्या वर्ग शिकवले मी. पोरं बाकावर उभी राहायची बघायला."

"माझ्या शिवणाच्या डब्यातली बटणं," नानी म्हणाल्या. "एक परत आलं असेल तर शपथ."

पडद्यावर एक तपकिरी गाठोडं आलं. खाली अक्षरं उमटली, 'आत लाल आणि पांढरी बटणं आहेत. कोणतं निघेल? आधी जोरात हलवा!'

"बटणंच! उचलेगिरी आहे सगळी," नाना गुरगुरले आणि त्यांनी माऊस हलवला. गाठोडं ढिम्म. त्यांनी आणखी जोरात हलवला. शेजारचं पाण्याचं भांडं तेवढं लवंडलं.

"अहो, मोबाइल हलवायचा असेल. सूनबाईंच्या मोबाइलवर असतं तसलं काहीतरी," नानी फडकं घेऊन येत म्हणाल्या.

"बरोबर. आणि मोबाइल कुठे आहे? या पडद्यात. मग हलवायचं काय? पडदा! साधा तर्क आहे, धर तिकडून."

दोघांनी दोन बाजूंनी पडदा धरला आणि चाळणी हलवावी तसा हलवला. टेबलाचा एक पाय मुळातच आखूड. तो दणादण जमिनीवर आपटू लागला. पण 'जोरात हलवा' काही जाईना. नानांचं लक्ष घड्याळाकडे गेलं तसा त्यांनी जोर वाढवला.

एवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. ते हातमोज्यांसकट वर आले होते.

"नाना, काय चाललंय? खाली माणूस तोंड उघडून बसलाय आणि वरून त्याच्या तोंडात पोपडे पडताहेत!"

"डॉक्टर, अगदी वेळेवर आलात. मधून धरा."

डॉक्टर भांडायला आले होते. पण सगळा प्रकार ऐकल्यावर त्यांच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. "तुमचं मुळातच चुकतंय," ते म्हणाले. "पडदा म्हणजे नुसता चेहरा. मेंदू खालच्या डब्यात असतो. हलवायचा तर डबा हलवा."

हे नानांना एकदम पटलं. दोघांनी डबा उचलला. वायरी ताणल्या गेल्या, कीबोर्ड खाली पडला आणि पडदा काळाठिक्कर झाला. वायर पुन्हा खोचून कॉम्प्युटर सुरू करण्यात बराच वेळ गेला, आणि एवढं होऊन पडद्यावर परत 'जोरात हलवा!' आहेच. आता वायरी सांभाळून त्यांनी डबा हलवला. आत काहीतरी खुळखुळलं.

"काहीतरी सुटलंय," डॉक्टर गंभीर होऊन म्हणाले.

"मग काढूनच टाका. तुमचं तेच काम," नानी म्हणाल्या.

तेवढ्यात दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. गळ्यात कागदी रुमाल, गालात कापूस, अर्धं तोंड बधिर. डॉक्टरांचे वाट पाहून कंटाळलेले पेशंट होते ते. त्यांनी एक नजर डब्याकडे टाकली, एक पडद्याकडे, आणि हातवारे सुरू केले. "आऽऽ! ऊ आऽऽ!"

"दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं. गृहस्थांनी मान हलवली.

"थुंकायचंय का? बेसिन तिकडे आहे हो," नानी म्हणाल्या.

गृहस्थांनी कपाळावर हात मारला. तरातरा येऊन त्यांनी माऊस धरला आणि पडद्याच्या कडेच्या एका इवल्याशा खुणेवर टिचकी मारली. गाठोडं आपोआप गदागदा हललं आणि त्यातून टुणकन एक लाल बटण बाहेर पडलं. डॉक्टरांनी डबा हळूच खाली ठेवला.

"आम्ही तेच करणार होतो," नाना म्हणाले आणि त्यांनी माऊस ताब्यात घेतला. टिचकी, लाल. टिचकी, पांढरं. पुन्हा लाल. चूक काही सापडेना. जिन्यावर नातीची पावलं वाजतात की काय म्हणून त्यांचा एक कान दाराकडे होता. आणखी एक टिचकी मारली, आणि निघालं निळं बटण.

"सापडली!" नाना उडालेच. "म्हणे लाल आणि पांढरी! मग हे निळं कुठून आलं? आता बघतोच!"

तेवढ्यात बटणाखाली अक्षरं आली. 'निळं आलं? हाकलू नका. आलंय तर त्यालाही बसायला जागा द्या, आणि हिशेब नव्याने मांडा.'

नानांचा वर केलेला हात तसाच राहिला. नानी पदराने पडदा पुसून जवळून पाहू लागल्या.

"अहो, हे गाठोडं नाही. पायमोजा आहे. टाचेला बघा, हिरव्या दोऱ्याने रफू केलंय. तपकिरी दोरा संपला होता म्हणून मी हिरव्याने केलं होतं. हा तुमचा मोजा आहे!"

नाना मटकन खुर्चीत बसले. त्यांच्या डोळ्यांपुढे तो वर्ग उभा राहिला, खिडकीतून येणारं ऊन, खडूची धूळ आणि शेवटच्या बाकावरची ती मुलगी. हातात घेईल ते पाडायची, म्हणून सगळे तिला धांदल म्हणायचे. एकदा तिने एक पांढरं बटण पाडलं, ते फरशीच्या फटीत गेलं ते गेलंच. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या फ्रॉकचं निळं बटण तोडून आणलं आणि रडवेली होऊन नानांपुढे धरलं. वर्ग खोखो हसला. तेव्हा नानांनी बटण मोज्यात टाकलं आणि वर्गाला जे सुनावलं, ते आता शब्दन् शब्द पडद्यावर उभं होतं.

"धांदल," नाना पुटपुटले. "अगं, धांदलीने केलंय हे अ‍ॅप."

दार धाडकन उघडलं. नात दारातच थबकली. जमिनीवर कीबोर्ड, टेबलाखाली पाणी, हातमोजे घातलेले डॉक्टर आणि कापूस चावणारे एक अनोळखी काका.

"आजोबा! सापडली चूक?"

"सापडली तर! हे बघ, निळं..." डॉक्टर उत्साहाने पुढे झाले. नानांनी त्यांचा हात दाबला.

"नाही बाळ," नाना म्हणाले. चष्मा काढून ते उगाचच पुसत राहिले. "चूक नाही. हरलो मी. फार छान शिकवतं हे. तू याच्याकडेच शीक." मग जरा थांबून म्हणाले, "फक्त हलवायला फार लावतं."

"तेव्हाही तसंच होतं. वर्ग दणाणून जायचा," नानी म्हणाल्या.

"तेव्हा म्हणजे केव्हा?" नातीने विचारलं, आणि दप्तर पाठीवरून न उतरवताच ती नानांच्या शेजारी जमिनीवर बसली.