घरी केलेले कानातले

"निवृत्त होऊन वर्ष होत आलं ना, काकू? मग दिवस कसा घालवता?"

सोसायटीच्या हळदीकुंकवात वसुंधरा टिपणीस यांना हा प्रश्न त्या संध्याकाळी पुन्हा एकदा आला. विचारणाऱ्या होत्या आभा सामंत, सांस्कृतिक समितीच्या प्रमुख. दवाखान्यात पेशंटला भेटायला गेल्यावर माणसं काढतात ना, तसला मऊ आवाज त्यांनी काढला होता. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या, वर्गात शिरल्या की बाकसुद्धा सरळ व्हायचे अशी ख्याती असलेल्या वसुंधराबाईंना तो आवाज झोंबला.

"मी ना? मी हे करते," त्या म्हणाल्या आणि त्यांचं बोट आपोआप कानाकडे गेलं.

कानात खणाचे गोल कानातले होते. जांभळा खण, कडेला सोनेरी लेस, खाली बारीक मोती. परवाच जुन्या पनवेलच्या बाजारात दयारामच्या दुकानातून घेतलेले.

"अय्या! हे तुम्ही केलेत? घरी?"

इथे "नाही हो" म्हणायला अजून जागा होती. पण चार बायका पुढे सरकल्या, कुणी कानाची पाळी उलटून पाहिली, कुणी "किती सफाई आहे हो हाताला!" म्हटलं, आणि ती जागा बुजून गेली.

"घरीच," वसुंधराबाई म्हणाल्या. "काही अवघड नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दूध आणायला निघाल्या तर लिफ्टमध्ये पोस्टर. 'मुलींनो, या! घरच्या घरी खणाचे दागिने! येत्या रविवारी क्लबहाऊसमध्ये. मार्गदर्शन : सौ. वसुंधरा टिपणीस.' खाली त्यांचा फोटो होता, आणि त्याभोवती फुलपाखरं.

दूध न घेताच त्या वर आल्या.

कृष्णकांतरावांनी सगळं ऐकून घेतलं, वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, "मग सांगून टाक, विकत घेतलेत म्हणून."

"आता? लिफ्टमध्ये फोटो लागलाय माझा! फुलपाखरांसकट!"

"मग शिकून घे. तूच म्हणालीस ना, अवघड नसतं."

बाईंनी नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा उघडलं.

त्या दुपारीच त्या रिक्षा करून दयारामच्या दुकानात गेल्या. बांगड्या, क्लिपा, टिकल्यांची पाकिटं यांच्यामध्ये दयाराम बसला होता. त्यांनी सरळ विचारलं, "हे कोण बनवतं? मला भेटायचंय."

"त्या काय सांगता येयाचा नाय, मॅडम," दयाराम म्हणाला. "बनवनाऱ्यानी बजावून ठेवलाय, नाव बोलायचा नाय म्हनून. आमी फकस्त इकतो. आनखी एक जोड देऊ?"

त्यांनी तो जोड घेतला. घरी येऊन कात्रीनं उसवला. आत काय निघालं? पुठ्ठ्याची चकती, कापड, गोंद, मागे दुसरं कापड टाचलेलं. बस्स, एवढंच. भूमितीचं प्रमेय समजावं तसं त्यांना ते लख्ख समजलं. फक्त हाताला समजेना. खण कापला की त्याचे धागे सुटत, आणि धागे आवरेपर्यंत गोंद वाळे. गोंद जास्त झाला की वर झिरपून कापडावर तेलकट डाग उठे. मोबाइलवरच्या व्हिडिओतली पोरगी हसत हसत "फक्त पाच मिनिटांत!" म्हणायची आणि बाईंचा रक्तदाब वर जायचा. शुक्रवारी अखेर एक चकती बरी कापली गेली. त्यांनी आनंदानं ती उचलली, तर तिच्यासोबत टेबलक्लॉथचाही एक सुबक गोल तुकडा वर आला.

"वर्तुळ मात्र अचूक आहे हो," कृष्णकांतराव भोकातून टेबलाकडे पाहत म्हणाले.

शनिवारी रात्री बाईंनी ताप येतोय का म्हणून थर्मामीटर लावून पाहिला. आला नव्हता.

रविवारी क्लबहाऊस गच्च भरलं होतं. पुढे मुली, मागे त्यांच्या आया, आणि कोपऱ्यात मोबाइल उंच धरून चित्रीकरण करणारी समितीतली कोमल. आभाबाईंनी स्वतःच्या मुलीला दंडाला धरून आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं.

"ही आमची रिया. दहावीचं वर्ष आहे, पण म्हटलं तासभर बस, तेवढाच विरंगुळा. बाकी तिला या कलाकुसरीची मुळीच गोडी नाही हो! आणि असती तरी यंदा मी हातात कात्री येऊ दिली नसती."

रिया मान खाली घालून बसली.

वसुंधराबाईंनी एक बेत आखला होता. तासभर बोलत राहायचं. करायची वेळच येऊ द्यायची नाही.

"मुलींनो, कानातल्याचा पाया काय? वर्तुळ. वर्तुळ म्हणजे काय?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. बाईंनी त्रिज्या सांगितली, व्यास सांगितला. परीघ सांगत असताना मागच्या रांगेतून जांभया ऐकू येऊ लागल्या. स्पर्शिकेपर्यंत पोचल्या तेव्हा आभाबाईंनी हसत हसत हाक दिली.

"काकू, आता करून दाखवा ना!"

"हो, हो. त्याआधी नमुना पाहून घ्या सगळ्या." बाईंनी एका कानातलं काढलं आणि मुलींच्या हातात दिलं. तेवढीच दोन मिनिटं मिळाली असती.

कानातलं या हातातून त्या हातात फिरत रियाकडे आलं. तिनं ते घेतलं, उलटं केलं आणि एकदम ताठ झाली. मग तिनं मान वर करून वसुंधराबाईंकडे पाहिलं. एवढा वेळ झोपाळू वाटणाऱ्या त्या पोरीच्या डोळ्यांत आता अंगार होता.

"काकू," ती म्हणाली, "मागे हा टाका कुठला घातलाय तुम्ही?"

"टाका?" बाईंनी पदर सावरला. "साधाच आपला. धावदोरा."

"हा तर काजटाका आहे, शर्टाच्या काजाला घालतात तो."

"तेच ते."

"तेच कसं, काकू? आणि पुठ्ठा एकच आहे की दोन चिकटवलेत?"

"रिया!" आभाबाई दटावून म्हणाल्या. "उलटतपासणी काय चाललीय?"

"नाही, शिकायचंय म्हणून विचारते," रिया म्हणाली. "त्यांनीच केलंय ना? त्यांना माहीत असणारच."

कोमलनं मोबाइल दोन पावलं जवळ आणला. वसुंधराबाईंच्या कपाळावर घाम फुटला. जोड उसवताना पुठ्ठे किती, हे त्यांनी मोजलंच नव्हतं; 'एक' म्हणावं तर फसले, 'दोन' म्हणावं तरी फसले. आजवर शेकडो पोरांना त्यांनी फळ्यासमोर असं उभं केलं होतं. त्या पोरांना काय वाटत असेल, हे आज कळत होतं.

काहीतरी बोलायला म्हणून त्यांनी रियाच्या हातातलं कानातलं परत घ्यायला हात पुढे केला आणि त्यांची नजर तिच्या बोटांवर पडली. बोटांच्या टोकांवर सुईच्या टोचण्या. नखांच्या कडेला वाळलेल्या गोंदाची साय. अंगठ्यावर बारीक चटका, सुटे धागे जाळताना बसतो तसा.

"बोटांना काय झालंय गं?" त्यांनी हळूच विचारलं.

उत्तर आभाबाईंनी दिलं. "अहो, भूमिती करताना कंपास टोचतो म्हणते. इतका अभ्यास करते बिचारी."

वसुंधराबाईंनी असंख्य पोरांच्या हाती कंपास दिले होते. कंपास टोचलाच तर एका बोटाला टोचतो.

"पाचही बोटांना टोचला?" त्या बोलून गेल्या.

रियाचा चेहरा पांढराफटक पडला. डोळ्यांतला अंगार विझला आणि तिथे निव्वळ भीती उरली.

"म्हणजे?" आभाबाईंच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे काय, काकू?"

आता सगळं वसुंधराबाईंच्या जिभेवर होतं. एक वाक्य बोललं की उलटतपासणी संपली असती. समोर रिया श्वास रोखून बसली होती. दयारामला नाव का सांगायचं नव्हतं, ते बाईंना एका क्षणात उमगलं. आणि ही पोर मघापासून एवढी का चिडली होती, तेही. आपलं काम दुसऱ्याच्या कानात लोंबताना पाहायचं, वर त्याच बाईकडून ते शिकायचं!

"म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "हल्लीचे कंपास फार टोकदार निघतात. सरकारनं लक्ष घालायला हवं."

रियानं श्वास सोडला. बाईंनीही सोडला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि तेवढ्यात करार झाला.

"रिया, पुढे ये," बाई वर्गातल्या जुन्या आवाजात म्हणाल्या. "मी सांगते, तू कर. नवख्या हातालासुद्धा जमतं, हे सगळ्यांना दिसू दे."

रिया टेबलापाशी आली. तिचे हात चालू लागले आणि त्यांच्यामागून बाईंचं तोंड.

"आता... आता पुठ्ठा घ्यायचा. दोन. दोनच घ्यायचे, मी मघाशी सांगणारच होते. मग गोंद लावा..." रियानं कात्री उचलली. "...लावायच्या आधी अर्थातच कापड कापायचं. कड थोडी जास्त ठेवायची. किती? हं, एवढी. बघा, किती छान ऐकते ही मुलगी!"

एकदा बाई पुढे धावल्या आणि मोती लावायला सांगून मोकळ्या झाल्या, तेव्हा रियानं टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. "मोती नंतर," बाईंनी तत्काळ दुरुस्ती केली. एरवी गडबड झाली नाही. बघता बघता रियाच्या तळहातावर हिरव्या खणाचं एक देखणं कानातलं उभं राहिलं. नमुन्याशी इतकं जुळणारं, की मागच्या आया उठून टाळ्या वाजवू लागल्या.

आभाबाईंचे तर डोळे भरून आले. "पहिल्याच झटक्यात! जिनं कधी सुई धरली नाही तिनं! काकू, शिकवावं तर तुम्हीच." मग त्यांनी बाईंचा हात घट्ट धरला. "तुमचं गणितही असंच होतं म्हणे. हिची भूमिती फार कच्ची आहे. रोज संध्याकाळी पाठवू का?"

नाही म्हणायची सोय दोघींपैकी कुणालाच नव्हती.

सोमवारी संध्याकाळी रिया दप्तर घेऊन आली. दार लागलं. कृष्णकांतराव आतल्या खोलीत गेले.

"खोटं का बोललात तुम्ही?" रियानं पहिला प्रश्न टाकला.

"तू का बोललीस?"

"आईला कळलं तर सगळं सामान कपाटात कुलूपबंद करेल. ती म्हणते, आधी मार्क आण, मग बाकीचं. मी लपवून करते." ती थांबली. "आता तुम्ही सांगा."

वसुंधराबाईंनी पदराशी चाळा केला. "मला सगळ्यांनी विचारलं, दिवस कसा घालवता म्हणून."

त्यांना वाटलं, पोरगी हसेल. रिया हसली नाही. तिनं दप्तराची चेन उघडली. भूमितीच्या पुस्तकाच्या खालून खणाचे तुकडे, गोंद आणि मोत्यांची डबी काढली आणि टेबलावर मांडली.

"आधी प्रमेय," बाई म्हणाल्या.

"चालेल. पण नंतर तुम्ही काजटाका. मी दाखवेन. मागे माझे कानातले घालून फिरलात ते फिरलात, आता स्वतःचे घाला."

महिना उलटला. एका सकाळी आभाबाई लिफ्टमध्ये भेटल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. चाचणीत रियाला भूमितीत कधी नव्हे इतके मार्क पडले होते.

"तुमचेच उपकार, काकू! पण खरं सांगा हं, कशी आहे हो ती? अजिबात भीडभाड न ठेवता."

वसुंधराबाई आदल्या रात्री उशिरापर्यंत जागल्या होत्या. एकच कड रियानं त्यांना चौथ्यांदा उसवायला लावली होती. त्या नादात त्या बोलून गेल्या.

"फार कडक आहे हो. एक टाका इकडचा तिकडे चालत नाही."

लिफ्ट थांबली. आभाबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं.

"टाका?"

"गणितात," वसुंधराबाई दार पुरतं उघडायच्या आतच बाहेर पडत म्हणाल्या, "आम्ही पायरीला टाकाच म्हणतो."