बिनमाणसाची बोट आणि यशवंतकाका

दासगावात आमच्या समोर यशवंतकाका राहतात. त्यांच्याकडून वाटीभर साखर हवी असेल तर त्यांच्या दारात जायचं नाही. त्यांच्या ओट्यापासून आमच्या खिडकीपर्यंत कप्पीवरून दोरी बांधलेली आहे. साखर पिशवीत बसून गल्ली ओलांडते. दोरी ओढताना काकांचं एकच पालुपद, "जवळ या, पण चिकटू नका!"

हे त्यांचं नौदलातलं शिक्षण. चालत्या युद्धनौकेला शेजारून धावणाऱ्या जहाजातून डिझेल, बटाटे, टपाल पोचवण्यात त्यांची हयात गेली. भर समुद्रात अशीच एक दोरी तुटली आणि डावा हात कायमचा अधू झाला. तरी दोरीवरचं प्रेम काही कमी झालं नाही. माझ्या बायकोनं एकदा घरी जाऊन हातात आमटी दिली, तर आठवडाभर रुसून बसले होते.

काकी गेल्यापासून काका एकटेच असतात. मुलगी सुजाता पुण्यात इंजिनियर. तिनं बनवली काय, तर हेच सामान पोचवणारी बिनमाणसाची बोट! बापाच्या हाताकडे बघूनच बनवली होती. बाबांनी एकदा 'चांगली झाली' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. काका वर्षभर त्या विषयावर तोंड उघडेनात. मला त्यांचा भयंकर राग आला. शेवटी मीच विचारलं, तेव्हा काका म्हणाले,

"मास्तर, जहाजावर महिना महिना तीच तोंडं बघायची. सामान आलं की पोरं डेकवर धावायची, ती काय बटाट्यासाठी नाय. पलीकडनं कोणतरी इचारायचा, जेवलात का रे? आता इचारणार कोण?"

गेल्या रविवारी सुजातानं सावित्री नदीत बोटीची चाचणी घेतली. युद्धनौका म्हणून ती स्वतः होडीत बसून नदीच्या मध्यावर, आणि काका व मी धक्क्यावर. काकांनी उजव्या हातानं बोटीत बटाट्याची पिशवी ठेवली. बोट एकटीच निघाली, होडीजवळ गेली आणि न आदळता थांबली.

काका धक्क्याच्या टोकाला गेले आणि जहाजावरचा आवाज लावून ओरडले, "जेवलात का रे? घरची समदी बरी हायत ना?"

सुजाता होडीत उभी राहिली. पिशवी तशीच सोडून तिनं तोंडाभोवती हात धरले.

"जेवले, बाबा! तुम्ही जेवलात का?"

काकी गेल्यापासून समोर उभं राहून हे काकांना कुणी विचारलं नसावं. शेजारी असून मीही नाही. त्यांनी बाहीनं डोळे पुसले.

"बोट चांगली झालीय गो," ते म्हणाले, पण इतक्या हळू, की ते ओरडून सांगायचं काम मलाच करावं लागलं.