नाही म्हणायचं राहून गेलं

रविवारी सकाळी व्याकरणबाईंनी परदेशातली नोकरी नाकारायचं नक्की केलं. नाकारायची तीही नीट, सभ्य शब्दांत, एकही स्वल्पविराम न चुकवता. शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता त्यांचे केस पिकायला लागले होते आणि दुकानांच्या पाट्यांपासून सोसायटीच्या नोटिशींपर्यंत सगळं दुरुस्त करायची खोड जडली होती. मुलांनी ठेवलेलं हे नाव हळूहळू मोठ्यांनीही उचललं होतं.

परदेशातल्या त्या खासगी शाळेचा करार त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॅब ठेवून दोनदा वाचला. पहिल्या पानावर हिरवळ, तळं आणि हसरी मुलं होती. पुढे अटी होत्या. राहायला खोली, पण दुसऱ्या शिक्षिकेबरोबर. पासपोर्ट शाळेच्या कपाटात. शनिवारी हजेरी. आणि शेवटी बारीक अक्षरात 'शाळा सांगेल ती इतर कामे'.

"इतर कामे," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "म्हणजे बागेला पाणी घालण्यापासून नाटकात राक्षस होण्यापर्यंत काहीही."

नकार दुपारी सावकाश लिहू, असं ठरवून त्या भाजी चिरायला उठल्या. तेवढ्यात सासरे आले. त्यांना तळं बघायचं होतं. दोन बोटांनी चित्र मोठं करताना खाली उत्तराचे आयते पर्याय उगवले आणि त्यातल्या एकावर त्यांचा अंगठा पडला.

"सूनबाई, इथून कागदी विमानासारखं काहीतरी उडून गेलं बघ."

बाई हातात सुरी घेऊनच आल्या. त्यांच्या नावाने पत्र गेलं होतं, 'धन्यवाद! मला मान्य आहे!'

"बाबा, मी आयुष्यात कधी उद्गारचिन्ह वापरलेलं नाही," बाई म्हणाल्या. "आणि हे दोन दोन?"

सासऱ्यांना फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की ते मुलीला फोन करायचे. "माझ्या हातून सूनबाई परदेशी गेली," असं त्यांनी तिला सांगितलं आणि बाईंची भाजी फोडणीला पडायच्या आत नणंद आणि नंदोई दारात हजर झाले.

"वहिनी, या वयात? एकट्या?" नणंदेने सोफ्यावर बसता बसता सुरुवात केली. "आणि बाबांचं कोण बघणार?"

"माझ्या ओळखीतले एक गेले होते," नंदोई म्हणाले. "परत आले ते निम्मे होऊन."

चूक झाली आहे, मी कुठेही जात नाही, हे सांगायला बाईंनी तोंड उघडलं. नेमके त्याच वेळी यजमान कामावरून आले. बसडेपोत गाड्यांच्या फेऱ्या लावायचं काम त्यांच्याकडे होतं, त्यामुळे रविवार असा नसायचाच. त्यांनी उंबऱ्यातच सगळं ऐकून घेतलं आणि बूट काढता काढता म्हणाले, "उगाच काळजी करू नका. ती कुठे जात नाही. मी परवानगी दिलेली नाही."

सासऱ्यांनी आपली खुर्ची जरा मागे सरकवली.

"काय दिलेली नाही?" बाईंनी विचारलं.

"परवानगी."

"कुणी मागितली होती?"

"तसं नाही गं. पण तू नाहीतरी नाहीच म्हणणार होतीस ना? सकाळीच बोललीस."

"सकाळी म्हणणार होते. आता नाही म्हणणार नाही."

"म्हणजे नक्की काय?" नंदोई गोंधळले. "दोन नाही झाले की."

"दोन नाहींचा एक हो होतो, भाऊजी. सातवीला शिकवते मी." एवढं बोलून बाई आत गेल्या आणि उरलेली भाजी त्यांनी गरजेपेक्षा बरीच बारीक चिरली.

सोमवारी शिक्षकखोलीत वह्या तपासताना त्यांचा राग ओसरला आणि पेच दिसायला लागला. जावं तर ती शाळा, न जावं तर ती परवानगी. आता नकार कळवला, तर घरात सगळे समाधानाने मान डोलावणार आणि यजमान पुढची वीस वर्षं 'मी तेव्हा अडवलं म्हणून' असं म्हणत राहणार. एकच वाट उरली. नकार शाळेनेच द्यायचा.

बाईंनी त्याच दिवशी शाळेला लिहिलं की खोली स्वतंत्र हवी, पासपोर्ट माझ्याच पर्समध्ये राहील आणि 'इतर कामे' हे कलम काढावं. आपल्या शाळेत असं पत्र कुणी लिहिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी त्याचा तास मधल्या सुट्टीनंतर मैदानाकडच्या गोंगाटाच्या वर्गात लागला असता. तिकडून उत्तर आलं, मान्य.

"काय म्हणते शाळा?" यजमानांनी जेवताना विचारलं.

"बोलणी चालू आहेत," बाई म्हणाल्या. खोटं असं काहीच नव्हतं त्यात.

मग त्यांनी शनिवार सुट्टीचा मागितला आणि वर्गात मुलं कमी मागितली. मान्य. शेवटी त्यांनी ठेवणीतला उपाय काढला. अख्खा करार छापून घेतला, त्यातल्या भाषेच्या चुका लाल पेनाने दाखवल्या, समासात 'पुन्हा लिहा' असा शेरा मारला आणि फोटो काढून पाठवून दिला. यावर कुठलीही स्वाभिमानी शाळा नाही म्हणाली असती. मात्र त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आयुष्यात पहिल्यांदाच आपण हवं ते सगळं मागितलं, आणि तेही मिळू नये म्हणून.

दोन दिवसांनी मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून घेतलं.

"तिकडच्या शाळेतून फोन होता. तुमची चौकशी करत होत्या प्राचार्या."

"मग?"

"मी जे आहे ते सांगितलं. की तुम्ही हट्टी आहात, कुणाचं ऐकत नाही आणि माझी परिपत्रकंसुद्धा दुरुस्त करून परत पाठवता." त्यांनी चष्मा काढून पुसला. "थोडं जास्तच सांगितलं म्हणा. तुम्ही गेलात तर दहावीला इंग्रजी शिकवणार कोण? त्यामुळे तुम्हाला सोडायचा प्रश्नच येत नाही. मी आधीच सांगून ठेवतोय."

आणखी एकाने आधीच सांगून ठेवलं होतं. तरी बाईंना हलकं वाटलं. आता नकार येणार, आणि तो येण्यात आपला काही हात नसणार.

संध्याकाळी प्राचार्यांचं पत्र आलं. 'आमच्याकडे सगळेच मान डोलावतात. चुका दाखवणारं माणूस आम्ही कधीपासून शोधत होतो. आपण विभागप्रमुख म्हणून याल का?'

बाईंनी ते पत्र उभ्यानेच वाचलं. चूक एकही सापडली नाही.

आता हाताशी एकच अट उरली होती. त्यांनी लिहिलं, 'माझे यजमान सोबत येतील. त्यांना त्यांच्या कामाचा अनुभव लक्षात घेऊन नोकरी द्यावी. ते बसच्या फेऱ्या लावतात.' इंग्रजी शिकवणाऱ्या शाळेला अशा माणसाचा काय उपयोग, असा त्यांचा हिशेब होता.

शुक्रवारी प्राचार्यांनी थेट व्हिडिओवरच बोलायचं म्हटलं. यजमान नुकतेच आंघोळ करून टॉवेलने डोकं पुसत बाहेर येत होते.

"बसा इथे," बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं. "शर्टाची बटणं लावा. कुणीतरी बोलायचं म्हणतंय."

"माझ्याशी? इंग्रजीत?"

प्राचार्या सावकाश बोलत होत्या. शाळेच्या बसगाड्या भरपूर, रस्ते अरुंद, अर्धी मुलं पहिल्या तासाला पोहोचतच नाहीत. यजमान आधी नुसतं 'येस मॅडम, येस मॅडम' करत होते. मग त्यांनी अचानक हात वर केला. "वन मिनिट, मॅडम. ऑल बस, सेम गेट?" सगळ्या एकाच फाटकातून आत येतात, असं कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला, वर्तमानपत्र ओढून त्याच्या कडेला रस्ते काढले आणि ते कॅमेऱ्यासमोर धरून पाऊण तास बोलले. इंग्रजीत क्रियापदं नव्हती, पण बसगाड्या वेळेवर पोहोचत होत्या. बाईंच्या जिभेच्या टोकावर किती दुरुस्त्या आल्या असतील. त्यांनी एकही केली नाही. इतकं रंगून बोलताना त्यांनी या माणसाला कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

फोन संपला. यजमान घडी मोडलेल्या वर्तमानपत्राकडे बघत बसले.

"त्यांनी बोलावलंय मला," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुला जायचंय का गं?"

जा, जाऊ नको, सोडणार नाही, असं सांगणारे पुष्कळ झाले होते. जायचंय का, असं विचारणारे हे पहिलेच.

"मला जायचंय," त्या म्हणाल्या. बोलल्यावर त्यांना स्वतःलाच कळलं, की ते खरं आहे. "तुमचं तुम्ही ठरवा. तुम्ही आलात तर बरं वाटेल. नाही आलात तरी मी जाणार."

"मी तरी इथे एकटा काय करू? येतो." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "त्या दिवशी ते परवानगीचं बोललो, ते चुकलंच माझं."

"हो, चुकलंच," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चहा टाकला.

रविवारी पुन्हा सगळे जमले. मुख्याध्यापकांना शनिवारीच राजीनामा पोहोचला होता, आणि तो दुरुस्त करायला त्यांच्या हाती काही लागलं नव्हतं. आता प्रश्न सासऱ्यांचा होता. यजमान, नणंद आणि नंदोई हलक्या आवाजात बोलत होते.

"बाबा आमच्याकडेच येतील," नणंद म्हणाली. "मुलांना स्टॉपवरून आणायला बरे पडतील."

"आणि दुधाच्या रांगेलाही," नंदोई म्हणाले.

"ठरलं तर मग," यजमान म्हणाले.

"काय ठरलं?" कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला. सासरे ताठ बसले होते. "माझं ठरवायला बसलाय, आणि मी इथे बसलोय."

यजमानांनी आपली खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"येईन मी. नाही असं नाही. पण सूनबाई, कागद घे जरा." त्यांनी घसा साफ केला. "लिही. खोली स्वतंत्र. रिमोट माझ्याकडे. आणि ते दुधाचं न् स्टॉपचं इतर कामांत धरायचं नाही."

"बाबा, अहो आपल्याच घरी कुणी अटी घालतं का?" नणंद म्हणाली.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "बोला बाबा," त्या म्हणाल्या. "सावकाश सांगा. मी नीट लिहून घेते."