त्यांना म्हणावं

माझी कुमुदआत्या समोर बसलेल्या माणसाशीही माझ्यामार्फत बोलायची. माणूस एकच, तिचा सख्खा धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा. टेबलावर दोघांच्या मध्ये पोह्यांची कढई, आणि ही मला सांगणार, "मंजू, त्यांना म्हणावं, सगळी शेव संपवू नका." बाबा ऐकणार, शेवेचा डबा खाली ठेवणार आणि मला सांगणार, "तिला म्हणावं, दुसरा पुडा आहे." सहा वर्षं मी या दोघांमधला टेलिफोन होते. एकदा वैतागून निरोप पोचवलाच नाही, तर दोघंही माझ्याकडे असे बघत बसले की शेवटी मुकाट्याने पोचवला.

पूर्वी ती बाबांना बाळ्या म्हणायची. अबोला धरला आणि बाळ्याचे 'ते' झाले. कारण विचारलं की म्हणायची, "जाने दो." अन्नपूर्णा भागातल्या आमच्या घरात ती वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. बाकी जगाशी तिची काही कट्टी नव्हती. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला आवाज तो. गच्चीतून "ओ भिया, कोथिंबीर" अशी आमच्या गावच्या हिंदीतली हाक गेली की पुढच्या गल्लीत पोचलेला भाजीवाला गाडी वळवायचा.

तिच्या गळ्यावर गाठ आली, तिचं नाव तिने ठेवलं पाहुणा. "पाहुणा आज जरा फुगलाय," असं ती दूध तापवता तापवता सांगायची. बंद गळ्याचे ब्लाउज शिवून पाहुण्याला तिने चार वर्षं झाकून ठेवलं. मग घास अडकायला लागला, उताणं झोपलं की दम कोंडायला लागला, तेव्हा कुठे बाई डॉक्टरकडे यायला तयार झाली. सुईची तपासणी झाली. कॅन्सर नव्हता, साधा गलगंड होता, पण अर्धी थायरॉइड काढावी लागणार होती. आवाजाची नस त्या गाठीला लागूनच जाते, डॉक्टर म्हणाले. आम्ही जपतो, पण कधीकधी आवाज बसतो, आणि अगदी क्वचित परत येत नाही.

"म्हणजे डॉक्टर भिया, पाहुणा जाताना घरातलं सामान घेऊन जाणार?" आत्याने विचारलं. डॉक्टर हसले. बाबा हसले नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाले, तिला म्हणावं, घाबरू नकोस. ती म्हणाली, त्यांना म्हणावं, स्वतःचं बघा.

ऑपरेशनच्या सकाळी ती हिरव्या गाऊनमध्ये बसली होती आणि मी तिची वेणी घालत होते. बाबा बाहेर बाकावर. ती एकदम बोलायला लागली. आवाज गेला तर सांगायचं राहून जाईल, म्हणाली.

"तुझ्या दादाच्या लग्नात यांनी आपल्या साहेबांशी माझी ओळख करून दिली. काय म्हणाले ठाऊक आहे? 'ही आमच्याकडेच असते.' मी काय फ्रिज आहे का गं, यांच्याकडे असायला? कडेवर घेऊन फिरवलंय मी त्यांना."

आणि रडली. आत्याला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. बाबांना सांगू का विचारलं, तर नको म्हणाली.

सहा वर्षांत पहिल्यांदाच, तिने न दिलेला निरोप मी पोचवला. बाबांना काही आठवेचना. मी असं म्हणालो? दोनदा विचारलं त्यांनी. मला असा संताप आला म्हणून सांगू! ही बाई सहा वर्षं एका वाक्यावर जळतेय आणि या गृहस्थांना ते वाक्यच ठाऊक नाही.

तेवढ्यात स्ट्रेचर निघालं. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नर्सने फाइल पुढे केली. "पेशंट के आप कौन?"

"छोटा भाई," बाबा म्हणाले. सही केली. पेन परत देताना थांबले. "इन्हीं के यहाँ रहता हूँ."

नर्सला त्याचं काही नव्हतं, ती फाइल घेऊन वळली. आत्या छताकडे बघत होती. तिने तोंड उघडलं, पण तोवर स्ट्रेचर आत गेलं आणि दार लागलं.

दोन तास सांगितले होते, तीन होऊन गेले. बाबा बाकावर टेकायला तयार नव्हते. ती काय म्हणणार होती गं, हे त्यांनी मला किती वेळा विचारलं असेल. तिलाच विचारा, मी फटकारलं. तिला बोलताच आलं नाही तर? देवा, नुसता तिचा आवाज ठेव, मी मनात म्हटलं, वाटल्यास आणखी वीस वर्षं टेलिफोन राहीन.

डॉक्टर बाहेर आले. गाठ मागे चिकटलेली होती म्हणून वेळ लागला, म्हणाले. आवाजाचं ती शुद्धीवर आल्यावर कळेल.

काही वेळाने आम्हाला आत बोलावलं. गळ्याला पट्टी, चेहरा उतरलेला. डॉक्टर वाकून म्हणाले, "कुमुदजी, कुछ बोलिए." ती गप्प. पुन्हा म्हणाले. तरी गप्प. बाबा कॉटच्या पायथ्याशी दांडी धरून उभे होते. आत्याने डोळे फिरवून माझ्याकडे पाहिलं. सवयीने मी निरोप घ्यायला पुढे वाकले. तिने हाताने मला बाजूला सारलं.

"बाळ्या," ती म्हणाली. बारीक, घोगरा, पण तिचाच आवाज. "चहा घेतलास का रे?"

बाबा माझ्याकडे वळले. "तिला म्हणावं..."

मी ऐकून घेतलं नाही. थर्मास उचलला आणि चहा आणायला निघाले.