अप्पांची जुनी, सुनीलची नवी

गालाला फेस लावून होईपर्यंत अप्पा गोड बोलत. कांद्याचा भाव, नळाचं पाणी, पोरांची शाळा. मग वस्तरा हातात येई, गिऱ्हाइकाची हनुवटी वर होई, आणि गळ्याशी पातं टेकवून अप्पा विचारत, "बोल. जुनी का नवी?"

नाशिकरोडच्या आमच्या गल्लीतले झाडून सगळे पुरुष अशा रीतीनं जुनीच्या बाजूचे झाले होते. बदली होऊन आलेल्या एका बँकवाल्यानं मात्र सरळपणानं सांगितलं, "नवीच बरी. बटण दाबलं की सुरू."

अप्पांनी वस्तरा पुसला, मिटला आणि फळीवर ठेवला. "उठा."

"अहो, एकच गाल झालाय!"

"दुसरा बटणावर करून घ्या."

तो भला माणूस अर्ध्या दाढीनं ऑफिसला गेला.

भांडण होतं फटफटीचं. सोमवारी सलूनसमोर दोन उभ्या असत. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या. गोल दिवा तोच, टाकीवरची सोनेरी रेघ तीच. काळी टाकी अप्पांची, अठ्ठ्याहत्तर सालची. लाल टाकी त्यांच्या मुलाची, सुनीलची, दोन हजार चारची. अनोळखी माणसाला त्या सख्ख्या बहिणी वाटत. तसं कुणी बोललं की अप्पांच्या कपाळावरची शीर उभी राही. "बहिणी? एक हाय घोडी. दुसरा मिक्सर."

जुनीचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या. नवीत कंपनीनं हे नेमकं उलटं केलं होतं. जुनी किकवर सुरू होई, तीही तिच्या मनात आलं तर. नवीला बटण होतं. अप्पांचा सगळ्यात जास्त राग त्या बटणावर. म्हणायचे, "किक मारताना माणूस इचार करतो, जायचं का नाय. बटनावर निघालेला माणूस कुठंबी जातो." आणि शेवटी, आकाशाकडे बघून, ठरलेलं वाक्य: "कंपनीला कोनी बाप नाय का इचारायला?"

मी परभणीकडचा. नववीत शाळा सोडली आणि फिरत फिरत एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला लागलो. नाशिकात माझं कुणी नव्हतं. पहिल्याच दिवशी, हातात पत्र्याची पेटी घेऊन, 'जवळपास खोली मिळेल का' असं विचारायला मी अप्पांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. विचारलं, "जुनी का नवी?" कशाबद्दल विचारतात तेही मला कळलं नव्हतं. घाबरून 'जुनी' म्हणालो.

"वर माळा हाय. उंदीर हायेत, त्यांच्याशी पटवून घे," असं म्हणत त्यांनी किल्ली माझ्या अंगावर फेकली.

परक्या गावात कुणी एवढा विश्वास टाकतं का? ते उपकार मी विसरलो नाही. पण त्या एका शब्दावर आपलं छप्पर उभं आहे, अशी धास्तीही माझ्या मनात बसली. त्यामुळं फटफटीचा विषय निघाला की मी मान खाली घालून जुनी, जुनी म्हणत असे.

सोमवारी गावातली सगळी सलूनं बंद असतात. अप्पांचंही बंद असे, म्हणजे शटर अर्धंच वर असे. मनमाडला रेल्वेत नोकरीला असलेला सुनील साप्ताहिक सुट्टी मुद्दाम सोमवारची घेऊन लाल फटफटीवर यायचा आणि वाकून त्या शटरखालून आत शिरायचा. अप्पा स्टोव्हवर पाणी तापवत. एरवीच्या गिऱ्हाइकांना, थंडीच्या दिवसांतही, माठातलं गार पाणी मिळे. कुणी कुरकुरला तर, "लग्नाला निघालास का?" असं उत्तर मिळे.

मग खुर्चीत सुनील, मागं अप्पा, आणि भांडण सुरू.

"अप्पा, आज गाडी चार वेळा बंद केली, चार वेळा बटणावर सुरू झाली."

"चार वेळा बंद का करावी लागली, ते सांग आधी!"

"दिसायला तर सेम आहे ना तुमच्यासारखी?"

"दिसायला तूबी माझ्यासारखाच हायेस. उपेग झाला का काई?"

वर माळ्यावर पडून मी ऐकत राही. आवाज असा चढे की पलीकडचा शिंपी शिलाई थांबवून कान देई. अप्पा शिव्या देत, सुनील हसे, मग तोही चिडे. दाढी संपायला दुप्पट वेळ लागे आणि एवढ्या आरडाओरड्यात सुनीलच्या गालावर कधी साधा ओरखडा उठला नाही.

एकदा सुनीलनं डिवचलं, "न चालवताच नावं ठेवता. चालवून तर बघा." अप्पा इरेला पेटले. लाल गाडीवर बसले, मागं सुनील, आणि निघाले नाशिकातल्या द्वारका चौकाकडं. अप्पा सावकाश चालवत होते, म्हणून मी सायकलवरून मागं. द्वारकेच्या चौकात पुढं रिक्षा थांबली. अप्पांनी सवयीनं डाव्या पायानं ब्रेक दाबला. डावीकडं होता गिअर. गाडी खाकरली, हिसका देऊन पुढं सरकली आणि कोथिंबिरीच्या हातगाडीत घुसली. अप्पांच्या डोक्यावर अर्धी जुडी, आणि बापाला खांद्याला धरून सुनील ओरडतोय, "लागलं का? अप्पा, लागलं का?" अप्पा कोथिंबीरवालीवरच उखडले, "बाई, साक्ष राहा! ब्रेक मारला तर गाडी पुढं पळती! कंपनीला कोनी बाप नाय का इचारायला?"

"कंपनीला असंल नसंल," बाई म्हणाली, "माज्या कोथिंबिरीला कोन हाय?"

अप्पांनी तिच्या सगळ्या जुड्या विकत घेतल्या. आम्ही चार दिवस वड्या खाल्ल्या, प्रत्येक वडीबरोबर कंपनीचा उद्धार ऐकला.

हे असंच चाललं असतं. पण गेल्या उन्हाळ्यात अप्पांना दुकानातच चक्कर आली. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून तपासलं आणि सुनीलला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना चिडू देऊ नका."

पुढच्या सोमवारी सुनील खाली मान घालून आला. खुर्चीत बसला. अप्पांनी फेस लावला, वस्तरा उघडला, आणि हुशारीत सुरुवात केली, "काय म्हंतो तुझा मिक्सर?"

सुनील म्हणाला, "अप्पा, तुमचंच खरं. जुनीच चांगली."

मला वाटलं, म्हातारा आता दुकानात नाचणार. इतक्या वर्षांचा खटला जिंकला होता. पण खालून काहीच आवाज येईना. मी शिडीवरून डोकावलो. अप्पा वस्तरा हवेत धरून आरशात सुनीलकडे बघत होते. चेहऱ्यावर राग होता, पण तो रोजचा नव्हता. एखादी वस्तू हरवल्यावर माणूस ज्याच्यात्याच्यावर चिडतो ना, तसला.

"असं कसं जुनी चांगली?" ते म्हणाले. "ब्रेकचं काय? तू तर म्हनायचास..."

"नाही अप्पा. जुनीच."

दाढी पाच मिनिटांत झाली. दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की फटफटी सोडून या बापलेकांना मी दुसऱ्या कशावर बोलताना ऐकलंच नव्हतं. सुनीलची आई होती तोवर याचं त्याला आणि त्याचं याला तीच सांगायची, असं शिंपी म्हणे. ती गेली आणि घर मुकं झालं. मग सुनीलनं नवी गाडी आणली.

नंतरच्या सोमवारी ड्यूटी लागल्याचा निरोप आला. त्याच्या पुढच्या सोमवारी निरोपही नाही. अप्पांनी दोन्ही वेळा अर्धं शटर उचललं, पाणी तापवलं आणि दुपारी, गार झाल्यावर, रस्त्यावर ओतलं. इतर वारी गिऱ्हाइकांना 'जुनी का नवी' विचारणंही बंद झालं. लोक सुटकेनं मान खाली करून निघून जात, आणि मला त्या लोकांचा राग येई. डॉक्टरचा येई. सुनीलचा तर फारच येई. माझा बाप तिकडं लांब, त्याला माझ्यावर चिडायचं म्हटलं तरी मी सापडत नाही, आणि हा मनमाडात बसून शहाणपणा करतो!

तिसऱ्या सोमवारी सकाळी मीच खाली उतरलो, खुर्चीत बसलो, आणि माळ्याची आशा सोडून म्हणालो, "अप्पा, माझं मत बदललं. नवीच चांगली."

त्यांनी आरशातून माझ्याकडं पाहिलं. "तुला सायकलची चेन बसवता येत नाय," ते हळूच म्हणाले. "गप बस." आणि स्टोव्हला पंप मारू लागले.

तसाच उठलो आणि कोपऱ्यावरच्या बूथवरून मनमाडला फोन लावला. सुनील लाइनवर आला तेव्हा मी त्याला दादा म्हणणंही विसरलो. "तुमची हार मागे घ्या," मी ओरडलो. "म्हातारा भांडायचा थांबलाय, जेवणही सोडलंय. डॉक्टरला काय कळतंय?"

 त्यानं एवढंच विचारलं, "पाणी ठेवलंय का त्यांनी आज?"

"दुसऱ्यांदा तापवतायत."

दुपार कलताना लाल गाडीचा आवाज गल्लीत शिरला. अप्पांनी मान वर केली नाही, पण त्यांचा पंपाचा हात थांबला. सुनील अर्ध्या शटरखालून वाकून आत आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "अप्पा, तुमच्या गाडीचा हॉर्न बोकडासारखा वाजतो."

कपाळावरची शीर टरारून वर आली.

"बोकड? तुझा हॉर्न ऐक की! उंदराला चिमटा काढल्यावानी! बस खाली! बस! तीन आठवडं काय पोसतोयस ही दाढी? ब्रेक उजवीकडं म्हनं! देवानं काळीज डावीकडं ठेवलं ते काय येडा म्हनून?" आणि शिडीशी उभ्या असलेल्या माझ्याकडं बोट नाचवत, "आन तू काय बघतोस, नवीवाल्या? चहा सांग! तीन!"

मी निघालो. शटरखाली वाकताना एकदा मागं वळून पाहिलं. तोंडाचा पट्टा चालूच होता, शिंप्याची शिलाई थांबली होती, आणि अप्पा भांड्यातलं गरम पाणी, सुनीलच्या गालाला लावण्याआधी, थेंब थेंब स्वतःच्या मनगटावर टाकून बघत होते.