निखारेकाकांचा दीड हात

निखारेकाका कुणाशीही बोलण्याआधी अंतर मोजतात. कोपरापासून बोटांपर्यंत एक हात, त्यावर आणखी अर्धा. मग "थोडा मांगं हो गा" म्हणत समोरच्या माणसाला खुर्चीसकट सरकवतात. दूधवाला सरकला, पोस्टमन सरकला. आमचे नगरसेवक मतं मागायला आले तर त्यांनाही सरकवलं. ते नालीत पडता पडता वाचले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वाचले याबद्दल थोडी आहे.

काका गोळीबार चौकात आमच्या शेजारी राहतात. खापरखेड्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये मीटरच्या काट्यांवर नजर ठेवण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाले तरी नजर ठेवायची सवय गेली नाही. घरात कुकर लावला की "प्रेशर चढून राहिलं! प्रेशर चढून राहिलं!" अशी घोषणा होते, आणि शिटी झाली की आख्ख्या गल्लीला हायसं वाटतं. काकूंना लकवा मारल्यापासून स्वयंपाकही तेच करतात, त्यामुळे घोषणा दोन्ही वेळा ऐकू येते.

दीड हाताचं खूळ मात्र नवीन. ते नव्या चष्म्याबरोबर आलं. प्रोग्रेसिव्ह काचा: वरून लांबचं, खालून वाचायचं, मधून मधलं, सगळं एकाच काचेत. दुकानावर पाटी होती, 'फक्त तुमच्यासाठी घडवलेल्या काचा'. काकांना लांबचं दिसलं, पेपर दिसला, आणि नेमकं दीड हातावरचं सगळं धूसर.

मी ग्राहकांच्या हक्कांवर पत्रकं काढते. अशी पाटी वाचली की माझं डोकं फिरतं. मी विचारलं, "काका, तुमच्यासाठी घडवल्या म्हणजे मोजलं काय काय?"

"नंबर घेतला. फ्रेम देल्ली. चहा देल्ला."

चहा हे माप नव्हे! या काचेत नंबर वरून खाली बदलत जातो. मधल्या अंतराचा नंबर एका अरुंद पट्टीत असतो. ती पट्टी डोळ्याच्या बाहुलीच्या नीट समोर आली नाही, तर काच कितीही भारी असो, खिडकीला लावा. म्हणून फ्रेम नाकावर ठेवून मोजावं लागतं: दोन बाहुल्यांतलं अंतर, बाहुली फ्रेमच्या किती उंचीवर येते, फ्रेम किती झुकते. यातलं काहीही न मोजता 'फक्त तुमच्यासाठी' म्हणणं ही सरळ लबाडी आहे, आणि ती रोज भरबाजारात चालते.

"पण तुम्हाला दीड हातच काहून पाहिजे?" मी विचारलं.

"टीव्हीसाठी," काका म्हणाले. त्यांचा टीव्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, कॅरमसाठी. काकांना कॅरम खेळताना कुणीही पाहिलेलं नाही. तिसऱ्यांदा विचारलं तर चिडले. "तू वकील हायेस का वं माही? भांडाले चाल फक्त."

गेलो. दुकानाचा मालक ठवकर, तरुण, गोड बोलणारा. "मॅडम, सवय होऊन जाते थोड्या दिवसांत."

"माणसानं काचेची सवय करायची, की काचेनं माणसाची?" मी म्हणाले. वाक्य बरं होतं. पुढच्या पत्रकासाठी लगेच राखून ठेवलं.

ठवकरनं शेवटी मार्कर काढला. काकांच्या डोळ्यांवर चष्मा चढवून बाहुल्यांसमोर काचेवर ठिपके दिले, आणि काचेतल्या बारीक खुणांशी ताडून पाहिले. बाहुल्या एकीकडे, पट्टी भलतीकडेच. "चुकलं काका. बदलून देतो," म्हणाला. मग खुर्ची ओढून बसला. "पण एक सांगतो. मधली पट्टी रुंद करता येते. कडेचं धुकट पुरं जात नाही. जाते म्हणून कोणी सांगितलं तर तो खोटं बोलून राहिला. आणि मधलं वाढवलं तर बाकीचं आकसते. तुम्ही काय सोडता?"

खरं बोलणाऱ्या दुकानदाराशी कसं भांडायचं, याचं आमच्याकडे पत्रक नाही.

"वाचाचं काप," काका म्हणाले.

हा माणूस पेपर टेंडर नोटिशींसकट मोठ्यानं वाचतो आणि प्रत्येक बातमीला शिवी घालतो.

"पेपरसाठी भिंग घेईन. अन् गाडी तं मी कवाचीच सोडली. मधलं दे भरपूर."

नव्या काचा आल्या त्या दिवशी काकांनी दुकानातच ठवकरला समोर बसवलं, कोपर लावून अंतर जमवलं.

"आता बोल. पण आवाज काढू नको."

"म्हणजे?"

"तोंड हालव ना लेका!"

ठवकरनं माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि नुसते ओठ हलवले.

काका ताडकन उठले. "हा म्हणून राहिला, बुढा सणकी हाये!"

ठवकरचा चेहरा पडला. मी आता भडका होणार म्हणून पुढे सरकले, तर काकांनी त्याला मिठीच मारली. "बरोबर वाचलं का नाही? सांग ना, बरोबर वाचलं का नाही?"

"बरोबर काका," तो मिठीतून कसाबसा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्रकाचा मसुदा घेऊन त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. काकू उशीला टेकून बसल्या होत्या आणि काका समोर स्टुलावर. लकव्यात काकूंचा आवाज गेला, त्यामुळे त्या बोलत नाहीत, असंच मी धरून चालले होते. पण त्यांचे ओठ भराभर हलत होते.

"हो... हो वं... तेही माहंच चुकलं..." काका म्हणत होते. "थांब ना जराशी, सारं आजच काहून काढून राहिली?"

मी दिसताच काका ओशाळले. "बस पोरी. हिनं बोलणंच टाकलं होतं. मले काही समजेच ना, मंग ते तरी काय बोलन? भिंतीकडे तोंड करून पडून राहे."

काकूंनी माझ्या हातातल्या कागदांकडे पाहिलं आणि ओठ हलवले. मला एक अक्षर कळलं नाही.

"काय म्हणतात?"

"विचारून राहिली, हे तुह्ये कागद कोणी वाचते का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तसा काकांनी हात वर करून मला गप्प केलं.

"थांब वं," ते म्हणाले. "तिचं बोलणं अजून संपलं नाही."